श्रद्धेसाठी डोळे झाकायची गरज नाही: ख्रिस्ती विश्वासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यात आमच्या मंडळीत रविवारची उपासना संपली की सतरंज्या टाकून तरुणांचा वर्ग भरतो. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून हा वर्ग माझ्याकडे आला. सुरुवातीला कुणी तोंडच उघडेना. मग बर्फीच्या रिकाम्या खोक्याला वरून फट पाडली आणि सांगितलं, नाव न लिहिता चिठ्ठी टाका. पहिल्याच रविवारी सतरा चिठ्ठ्या निघाल्या. काही आमच्या पोरांच्या होत्या, काही त्यांनी कॉलेजातल्या मित्रांकडून लिहून आणलेल्या. खाली तेच प्रश्न आहेत, जमेल तितके त्यांच्याच शब्दांत. उत्तरं माझी आहेत आणि जिथे माझी बाजू अपुरी पडते तिथे तसं लिहिलं आहे.

सर, विश्वास म्हणजे डोळे झाकून मानणं. मग पुराव्याचा खटाटोप कशाला?

हा समज आमच्याच काही लोकांनी पसरवला आहे. प्रश्न विचारणाऱ्या पोराला "जास्त डोकं चालवू नको, प्रार्थना कर" म्हणून गप्प बसवायचं. तेच पोरगं पुण्याला शिकायला गेलं आणि मंडळीकडे फिरकेनासं झालं, की मग हळहळायचं. बायबल असं शिकवत नाही. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात (३:१५) स्पष्ट सांगितलं आहे की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेनं द्या. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सुरुवातीलाच सांगतो की सगळ्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून मी हे लिहितो आहे.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाची मांडणी मला इथे फार उपयोगी वाटते. ज्ञानाची साधनं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाची साक्ष. तुमची जन्मतारीख तुम्हाला कुठून कळली? आईनं सांगितली, शाळेच्या दाखल्यावर चढली. ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाही, गणितानं काढलेली नाही, तरी तिला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही. असा भरवशाचा माणूस, म्हणजे आप्त, कोण, याचं न्यायशास्त्राचं उत्तरही नेमकं आहे: ज्याला गोष्ट जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. ख्रिस्ती विश्वास मुळात अशा साक्षीवर उभा आहे. काही माणसं म्हणाली, आम्ही हे पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक होतं का आणि ते खरं बोलत होते का, हे तपासायचं. या पानावरचं निम्मं काम तेवढंच आहे.

बुद्ध म्हणाले, ग्रंथात लिहिलंय म्हणून मानू नका. तुम्ही तर सगळं ग्रंथातूनच सांगता.

ही चिठ्ठी संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मित्राकडून आली होती. कालाम सुत्ताची आठवण करून दिल्याबद्दल मी त्याचे मनापासून आभार मानले. ग्रंथात आहे, परंपरेनं आलं आहे, गुरू सांगतो आहे, एवढ्यावर मानू नका, हे बुद्धवचन मला मान्य आहे. पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौलही थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ५:२१), सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा. म्हणून या पानावर बायबल मी आधी देववाणी म्हणून समोर ठेवत नाही. त्यातला येशूबद्दलचा भाग पहिल्या शतकातली कागदपत्रं म्हणून ठेवतो. तेवढ्यावर काय हाती लागतं ते बघू.

येशू नावाचा माणूस खरंच होऊन गेला, याला बायबलबाहेर काही आधार आहे का?

आहे, आणि तो येशूच्या बाजूच्या लोकांचा नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या सुमारास लिहितो की ख्रिस्ती लोकांचं नाव ज्याच्यावरून पडलं त्या ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत यहुदियाचा रोमन सुभेदार पोंतिय पिलात यानं मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा मनस्वी तिटकारा होता, त्यामुळे आमची बाजू राखायचं त्याला काही कारण नव्हतं. यहुदी इतिहासकार योसेफस इ.स. ९३-९४च्या सुमारास, "ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब" याला दगडमार करून मारल्याची नोंद करतो. योसेफसचा आणखी एक उतारा आमचे वक्ते व्यासपीठावरून जोरात वाचतात. त्यात पुढच्या काळातल्या ख्रिस्ती नक्कलकारानं भर घातली आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात. मी तो वाचत नाही. याकोबाची नोंद साधी आहे, जाता जाता आलेली आहे आणि मला ती पुरते.

पिलाताच्या नावाचा शिलालेखही १९६१मध्ये कैसरिया इथे उत्खननात सापडला. त्यानं येशूबद्दल काही सिद्ध होत नाही. पण शुभवर्तमानातली माणसं हवेतून आलेली नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

बायबल शेकडो वेळा बदललं गेलंय. मूळ कुठे आहे?

मूळ हस्तलिखित कुणाकडेच नाही. पौलाच्या हातचं पत्र नाही की मार्कच्या हातचं पान नाही. यात लपवण्यासारखं काही नाही, कारण मुद्रणापूर्वीच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या ग्रंथाची गत हीच आहे.

आपण पैठणच्या शेजारचे लोक, म्हणून पैठणचंच उदाहरण घेतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. पुढे तिच्या नकला होत गेल्या, कुणी शब्द बदलला, कुणी ओवी घातली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६मध्ये, संत एकनाथांनी तिच्या प्रती जमवल्या, पाठभेद तपासले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. हे कसं शक्य झालं? प्रती अनेक होत्या म्हणून. एका नकलकारानं एका ठिकाणी चूक केली तर दुसऱ्या गावची प्रत त्याला पकडते. एकच प्रत उरली असती तर पाठभेदाचा प्रश्नच आला नसता, आणि चूक पकडायची सोयही राहिली नसती.

नव्या कराराचं (बायबलच्या येशूबद्दलच्या दुसऱ्या भागाचं) काम याच रीतीनं चालतं, फक्त साहित्य प्रचंड आहे. नुसत्या ग्रीक भाषेतली पाच हजारांहून अधिक हस्तलिखितं आज उपलब्ध आहेत. त्यांतली कित्येक म्हणजे छोटे तुकडेच आहेत. मँचेस्टरला योहानाच्या अठराव्या अध्यायाचा पपायरसचा एक तुकडा ठेवला आहे. तो तळहातापेक्षा लहान आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे आणि बहुतेक अभ्यासक त्याला दुसऱ्या शतकातला मानतात. त्यावर येशू आणि पिलात यांच्या संवादातले शब्द आहेत. चौथ्या शतकातल्या सायनायटिकस या ग्रंथात तर अख्खा नवा करार आहे. या सगळ्या प्रतींत पाठभेद हजारोंनी आहेत. त्यातले बहुतेक शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे, "येशू ख्रिस्त" की "ख्रिस्त येशू" अशा स्वरूपाचे.

मोठे भेद थोडे आहेत आणि ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाला माहीत असले पाहिजेत. मार्कच्या शेवटच्या बारा ओळी (१६:९-२०) सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. ती गोष्ट मला अतिशय प्रिय आहे, तरी हे सांगायला हवं. आणि बघा, हे आपल्याला कळलं कसं? प्रती समोर आहेत म्हणून. कुणी गुपचूप सगळं बदललं असतं तर हे भेद दिसले नसते. येशूचं मरण, पुनरुत्थान, त्याची शिकवण यांपैकी काहीही फक्त या संशयित उताऱ्यांवर टेकलेलं नाही.

पण शुभवर्तमानं लिहिली चाळीस वर्षांनी. तोवर गोष्टीच्या गावगप्पा झाल्या नसतील कशावरून?

मार्क साधारण इ.स. ७०च्या आसपासचा, योहान पहिल्या शतकाच्या अखेरचा, असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे अंतर चाळीस ते साठ वर्षांचं. किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं उलटली. औसा किंवा लोहारा तालुक्यात जाऊन कुणी सांगून बघावं की त्या रात्री भूकंप झालाच नाही. हजार माणसं अंगावर येतील. मोठी घटना चाळीस वर्षांत पुसली जात नाही, कारण ती पाहिलेली माणसं अजून पारावर बसलेली असतात. बारीक तपशील मात्र सरमिसळ होतात, हे मी नाकारत नाही.

मराठीतच याला चांगली जोड आहे. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. त्यात पैठणचे रस्ते आहेत, माणसांची नावं आहेत, कोण कुठे बसलं होतं तेही आहे. मराठी अभ्यासक त्याला तेराव्या शतकाचा मोलाचा ऐवज मानतात, उशिरा लिहिलं म्हणून फेकून देत नाहीत. लूकही याच जातीचं काम करत होता.

एका महानुभाव मित्रानं यावर मला बरोबर अडवलं. म्हणाला, "मग त्याच न्यायानं आमचे स्वामी ईश्वर ठरले का?" नाही. साक्षीवरून काय घडलं आणि कोण काय म्हणालं एवढं ठरतं. त्याचा अर्थ काय लावायचा, ही पुढची पायरी आहे, आणि ती दोघांनाही वेगळ्या युक्तिवादानं चढावी लागते.

शिवाय शुभवर्तमानांच्याही आधीचा मजकूर आपल्याकडे आहे, तो पुढच्या उत्तरात येतो.

येशू मेलेल्यांतून उठला, हे इतिहासाचा शिक्षक असून तुम्ही कसं मानता?

हा कळीचा प्रश्न. पौलानं स्वतः लिहून ठेवलं आहे की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ (करिंथकरांस पहिले पत्र १५:१४). आपला विश्वास कुठे खोटा ठरू शकतो, ती जागा इतक्या उघडपणे दाखवणारं लिखाण मला फारसं भेटलेलं नाही.

हे पत्र इ.स. ५५च्या सुमाराचं. त्याच अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या स्वाधीन केलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना. ही वाक्यं पाठांतरासाठी बांधलेली आहेत, हे ग्रीक वाचणाऱ्याला लगेच कळतं. पौलाला ती कुठून मिळाली? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की तो यरुशलेमेला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. ही भेट वधस्तंभाच्या घटनेनंतर फार तर पाच-सात वर्षांच्या आतली. म्हणजे ही साक्ष घटनेच्या इतकी जवळ आहे. आणि पौल पुढे म्हणतो, तो पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी दिसला, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. जाऊन विचारा, असंच ते वाक्य आहे.

आता साक्षीदार. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा बायकांना दिसते. त्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, योसेफसनंही स्त्रियांची साक्ष घेऊ नये असं लिहिलं आहे. कुणी गोष्ट रचली असती तर पहिला साक्षीदार पेत्र असता, गावातला मान्यवर असता. मग्दालीया मरीया तिथे आहे, कारण ती तिथे होती, याहून साधं कारण मला सुचत नाही. तपशिलांत फरकही आहेत: देवदूत एक की दोन, बायका किती. न्यायालयात दोन दिवस बसलेल्या कुणालाही माहीत असतं की पढवलेले साक्षीदार शब्दाला शब्द लावून बोलतात. खरे साक्षीदार मुख्य गोष्टीत जुळतात आणि कडेच्या गोष्टींत अडखळतात.

दुसरे खुलासे मी टाळत नाही. येशू मेलाच नाही, बेशुद्ध पडला, असं म्हणतात. यरुशलेमेजवळ १९६८मध्ये वधस्तंभावर दिलेल्या एका माणसाची हाडं सापडली, टाचेच्या हाडात खिळा तसाच अडकलेला. त्या अवस्थेतून उठून आलेला माणूस पाहून शिष्यांनी वैद्य शोधला असता, मरणावर विजय मिळाला अशी आरोळी दिली नसती. शिष्यांनी देह चोरला म्हणावं, तर खोटं असल्याचं ठाऊक असताना त्यासाठी मार खाणारी माणसं मानावी लागतात. इथे मला थोडं सावध व्हायचं आहे. बाराही प्रेषित हुतात्मे झाले असं आमच्याकडे सर्रास सांगतात, पण त्यातल्या अनेकांच्या मरणाच्या कथा खूप उशिराच्या आहेत. जब्दीचा मुलगा याकोब, पेत्र, पौल आणि प्रभूचा भाऊ याकोब यांच्याबद्दलचा आधार भक्कम आहे. आणि हुतात्मा होण्यानं माणूस प्रामाणिक होता एवढंच ठरतं, तो बरोबर होता हे नाही.

उरतो भास. दुःखात बुडालेल्या पेत्राला भास झाला, हे समजू शकतं. पण पौल दुःखात नव्हता, तो ख्रिस्ती लोकांना पकडत फिरत होता. भाऊ याकोब येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हता (योहान ७:५). मित्र, शत्रू आणि घरचा संशयखोर भाऊ, तिघांना एकाच आशयाचा भास व्हावा आणि त्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य ओवाळून टाकावं, हे मला पटत नाही. मी सगळे खुलासे शेजारी शेजारी ठेवतो आणि "तो उठला" हाच सगळ्या गोष्टींना पुरा पडतो असं म्हणतो. गणिताच्या सिद्धतेसारखी ही सिद्धता नाही. इतिहासात तशी सिद्धता कशाचीच नसते.

चमत्कार होतच नाहीत. मग साक्षीदार कितीही असोत.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं १७४८मध्ये हाच मुद्दा मांडला: निसर्गनियमाच्या बाजूनं सगळ्यांचा अनुभव, चमत्काराच्या बाजूनं चार माणसांची साक्ष, तर जास्त शक्यता कुठली? रिचर्ड प्राइस यानं त्याच शतकात त्याला उत्तर दिलं. गोष्ट दुर्मीळ असली तरी चांगली साक्ष तिचं पारडं उलटवू शकते. २०१४च्या मार्चात मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा पांढऱ्या पडलेल्या रानांचे फोन गावाकडून आले. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर असं काही होईल याची शक्यता आदल्या दिवशी कुणी किती धरली असती? तरी चुलत्याच्या एका फोनवर आपण विश्वास ठेवला. गारपीट निसर्गनियमात बसते आणि पुनरुत्थान बसत नाही, हा फरक खरा आहे. म्हणून सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो: निसर्गापलीकडे कुणी आहे का? नसेल तर ह्यूम बरोबर. असेल, तर दार बंद आहे असं आधीच ठरवता येत नाही.

मग देव आहे हे तरी कशावरून? आणि देवाला कुणी बनवलं?

"प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून देव आहे" असा युक्तिवाद कुणी करत असेल तर तुमचा प्रतिप्रश्न त्याला गार करतो, आणि करायलाच हवा. पण तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनस याचा युक्तिवाद असा नाही. तो म्हणतो, ज्या गोष्टी स्वतःच्या बळावर अस्तित्वात नाहीत त्यांना आधार लागतो.

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, आठवते ना? शेवटच्या वाघिणीला कोण ओढत होतं? तिच्या पुढची वाघीण. तिला तिच्या पुढची. आता वाघिणी पन्नास करा, लाख करा, अनंत करा. नुसत्या वाघिणींची रांग कितीही लांबवली तरी ती रुळावर उभीच राहील, कारण ओढायची ताकद एकीतही स्वतःची नाही. कुठेतरी असं काही हवं जे ओढतं आणि ज्याला ओढावं लागत नाही. "इंजिनाला कुठली वाघीण ओढते?" हा प्रश्न इंजिन म्हणजे काय हे न कळल्यामुळे येतो. जगातली प्रत्येक गोष्ट, तुम्ही, मी, गोदावरी, सूर्य, असली काय नसली काय अशा जातीची आहे. या सगळ्याच्या मुळाशी असं अस्तित्व हवं जे उसनं नाही.

हा विचार परदेशी आहे असंही नाही. घट दिसला की कुंभाराचं अनुमान करावं, तसं जगावरून ईश्वराचं, हे आपल्या नैयायिकांनी मांडलं. उदयनाचार्यांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि बौद्ध पंडितांनी या अनुमानाची कठोर चिकित्सा केली. तो वाद इथल्याच मातीतला आहे.

या युक्तिवादानं येशू सिद्ध होत नाही. एक मूळ आधार आहे, इतकंच हाती येतं.

विज्ञानानं देवाची गरज संपवली नाही का?

विश्व प्रसरण पावतं आहे आणि त्याची सुरुवात एका अतिघन अवस्थेतून झाली, ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१मध्ये पोपनी त्या सिद्धांताचा निर्मितीच्या बाजूनं आधार घेतला तेव्हा लमेत्रलाच ते रुचलं नाही. माझं विज्ञान विज्ञान म्हणून तपासा, ही त्याची भूमिका होती. मला हा माणूस फार आवडतो. उत्क्रांतीबद्दलही हेच: बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातले जगाच्या निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचे मानायचे का, हा प्रश्न डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यानं विचारला होता. आमच्या मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांचे लोक एकाच बाकावर बसतात.

देव चांगला आहे, तर किल्लारी का?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. मी तेव्हा नववीत होतो. जालन्यातही भांडी वाजली. सकाळी रेडिओवर ऐकलं आणि दोन दिवसांत आमच्या मंडळीतून ब्लँकेटं, पीठ आणि औषधं घेऊन टेम्पो निघाला, त्यात माझे वडील होते.

तत्त्वज्ञानातली बाजू आधी सांगतो, ती लहान आहे. सर्वशक्तिमान चांगला देव आणि दुःख या दोन गोष्टी तर्कानं एकत्र राहूच शकत नाहीत, असं तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यानं १९५५मध्ये म्हटलं. ख्रिस्ती तत्त्वज्ञ अॅल्विन प्लॅन्टिंगा यानं दाखवलं की त्यात विसंगती सिद्ध होत नाही. खरी मोकळीक असलेली माणसं देवाला हवी असतील तर वाईट घडण्याची शक्यता त्यातच येते. मॅकीच्या मूळ रूपातला युक्तिवाद आज फारसं कुणी पुढे रेटत नाही. माणसाच्या हातून घडलेल्या वाईटाला हे उत्तर चालतं. जमीन हलते तेव्हा ते तितकं चालत नाही. किल्लारीत माणसं मेली ती बरीचशी घरांखाली, दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्यात माणसाच्या रीतीचा, गरिबीचा वाटा होता. पण पाळण्यातल्या लेकराला हे सांगून काय होणार?

वडील परतले आणि आठवडाभर नीट बोलले नाहीत. मग एकदा आईला सांगताना मी ऐकलं. टेम्पोतला एक तरुण सेवक, चांगला पोरगा, एका म्हातारीजवळ बसून म्हणाला, "मावशी, देवाची इच्छा." ती ढिगाऱ्याकडे बघत होती. मान न वळवता म्हणाली, "तुज्या देवाला इचार, माज्या नातवाचं नाव त्याला ठावं हाय का." वडिलांनी त्यानंतर कुठल्याही मयताच्या घरी "देवाची इच्छा" हे शब्द काढले नाहीत.

बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते बरोबर वागत होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तेव्हा चुकले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. म्हणून किल्लारी का, याचं कारण मी सांगत नाही. देवाला पुरेसं कारण असू शकतं आणि ते मला दिसत नाही, यात तर्काची चूक नाही. पण ते वाक्य वर्गात बोलायचं आहे, ढिगाऱ्याजवळ नाही. ख्रिस्ती विश्वासाजवळ कारणापेक्षा वेगळं काही आहे. आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी येशू रडला. पुढे तो स्वतः वधस्तंभावर ओरडला, "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" दुःखाबद्दल बाहेरून बोलणारा देव मला पटला नसता. हा आत उतरलेला आहे.

वडील गेल्यावर त्यांचं बायबल माझ्याकडे आलं. योहानाच्या दहाव्या अध्यायात, मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो त्या वचनाशेजारी, समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं आहे: "किल्लारीची मावशी. नाव ठावं हाय का."

देव न मानताही माणूस चांगला वागतो की.

वागतोच. माझ्या शाळेतले दोन सहकारी नास्तिक आहेत आणि त्यांच्याकडे मी घराची किल्ली ठेवतो. प्रश्न वेगळा आहे: निष्पाप माणसाला छळणं चूक आहे, हे सगळ्या गावानं मिळून बरोबर ठरवलं तरी चूकच राहतं का? तुम्ही "हो" म्हणाल. मग ती चूक गावाच्या मतावर अवलंबून नाही. ती कशावर टेकली आहे, एवढंच मी विचारतो.

येशू काश्मीरला आले होते, तिथे त्यांची समाधी आहे म्हणतात.

या गोष्टीचे दोन उगम आहेत. निकोलस नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशानं १८९४मध्ये लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतवासाची पोथी पाहिल्याचं छापलं. मॅक्स म्युलरनं त्याच वर्षी शंका घेतली, पुढे दुसऱ्या एका अभ्यासकानं हेमिसला जाऊन विचारलं तेव्हा प्रमुख लामांनी असं काही नाही म्हणून सांगितलं. श्रीनगरच्या रोजाबलची कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिर्झा गुलाम अहमद यांच्या लिखाणातून पसरली. दोन्हींना पहिल्या शतकातला आधार नाही. येशू आपल्या भूमीत आला असता तर कुणाला आवडलं नसतं, पण आवडण्यावर इतिहास ठरत नाही.

मुस्लिम मित्र म्हणतो, ईसा सुळावर चढलेच नाहीत.

त्याच्याशी वाद घालू नका, बसून बोला. कुराणात (४:१५७) तसं आहे आणि त्याच्यासाठी ते देववाणी आहे. आपण इतिहासाच्या बाजूनं एवढंच सांगायचं की घटनेच्या शतकभरातले ख्रिस्ती, यहुदी आणि रोमन, तिन्ही बाजूंचे लेखक येशूला मारल्याचं धरून चालतात. येशूच्या आईबद्दल त्याच्या मनात असलेला आदर आपल्यातल्या अनेकांपेक्षा जास्त आहे, तेही लक्षात ठेवा.

येशूला देव कॉन्स्टंटाइननं मतदान घेऊन ठरवलं ना?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं बोलावलेली बिशपांची नायसियाची परिषद ३२५ची. पण ११२च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्रायानाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. दोनशे वर्षं आधी. त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, एकच सांगतो: एक बरोबर तीन असं आम्ही म्हणत नाही. स्वरूप एक, व्यक्ती तीन, अशी ती मांडणी आहे. पूर्ण उमगते असं मी म्हणणार नाही.

हा इंग्रजांचा धर्म. आणि तुमचे आजोबा मिलोसाठी ख्रिस्ती झाले.

ही चिठ्ठी वाचून वर्गात शांतता पसरली होती. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकन लाल ज्वारी, हे तरुणांना समजावून सांगावं लागलं.

येशू आशियातला, रोमन साम्राज्याच्या टाचेखाली मारला गेलेला. केरळात ख्रिस्ती लोक इंग्रजांच्या हजारभर वर्षं आधीपासून आहेत. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण मराठी ओवीत १६१६मध्ये छापलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रात इंग्रजांचं राज्य नव्हतं. आमच्या जालन्याशेजारचं बेथेल वसवलं ते नारायण शेषाद्री यांनी, जन्मानं ब्राह्मण, आणि ते निजामाच्या मुलखात. नीलकंठ शास्त्री गोरे तर ख्रिस्ती मताचं खंडन करणारे काशीचे पंडित. तरुणपणीच त्यांनी संस्कृतात खंडन लिहिलं, वाद घालत राहिले आणि १८४८मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांचा प्रभाव पडला. त्यांना ज्वारीची ददात नव्हती.

आणि कुणाचे आजोबा भुकेपोटी आले असतील, तर? भुकेल्याला भाकरी देणाऱ्याच्या दारात माणूस थांबतो, त्याला दोन वेळा माणसासारखं जेवायला बसवलं जातं, गावात जिथे सावलीही चालत नव्हती तिथे. त्याची लाज मला वाटत नाही. आमच्याही मंडळ्यांत जात शिरली, वेगळी बाकं झाली, त्याची वाटते. पण आजोबा कशासाठी आले यावरून येशू उठला की नाही हे ठरत नाही.

म्हणजे शेवटी तुम्हाला माझा धर्म बदलायचाय?

नाही. कुणी पैसे, नोकरी किंवा भीती दाखवून विश्वास आणायला बघत असेल तर तो विश्वासच नाही, आणि मी त्याच्या विरोधात उभा राहीन. मला जे खरं वाटतं ते तुमच्यापुढे ठेवायचं आहे, तुमचं माझ्यापुढे ठेवायला तुम्हीही मोकळे आहात.

सुरुवात कुठून करू?

मार्कपासून. सोळा अध्याय आहेत, एका बैठकीत दीड तासात होतात. जुन्या प्रतींप्रमाणे १६:८ला थांबून बघा, बायका घाबरून कबरेपासून पळतात आणि गोष्ट तिथेच तुटते. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचा. हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे पटत नाही तिथे समासात खूण करा. खुणांची पानं घेऊन रविवारी या. साडेअकरानंतर आम्ही सतरंजीवरच असतो आणि खोकं टेबलावर असतं.